वॉशिंग्टन राज्याचा स्वच्छ वीज कायदा: कोळसा गेला म्हणजे नेमकं काय गेलं, आणि बिल का चढलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही रेडमंडला राहतो. राज्यानं २०१९ मध्ये कायदा करून २०२५ अखेर कोळशाची वीज बंद केली म्हणतात. पण कंपनीच्या इंधन-मिश्रणाच्या पत्रकात कोळसा दिसतोच, शिवाय 'स्रोत अनिर्दिष्ट' असा एक तुकडाही दिसतो. बिल मात्र दरवर्षी चढतंय. हा कायदा कागदावरच आहे का? आणि आता छतावर सोलर घालावं की ग्रीन पॉवर योजनेचे जादा पैसे भरावेत?"

यात तीन प्रश्न एकमेकांत अडकलेत: कायदा कशाला 'स्वच्छ' म्हणतो, बिल कशानं वाढतं, आणि आपण घरी काय करायचं. तिघांची गाठ एकाच ठिकाणी सुटते. हा कायदा मुळात हिशेबाचा कायदा आहे. तुमच्या भिंतीतल्या सॉकेटपर्यंत आलेली वीज कुठून आली हे कोणालाच सांगता येत नाही, कारण कोलंबिया नदीवरच्या धरणाची, माँटानातल्या कोळशाची आणि पूर्वेकडच्या पवनचक्क्यांची वीज एकाच जाळ्यात मिसळते. म्हणून कायदा खातेवही तपासतो: कोणाच्या खात्यावर, किती वर्षांच्या मुदतीत, काय मांडायचं आणि काय वगळायचं. हे एकदा डोक्यात बसलं की पत्रकातला कोळसाही समजतो आणि बिलही.

आधी तुमची वीज कोण देतं ते पक्कं करा. रेडमंड, बेलव्ह्यू, कर्कलंड म्हणजे पुजेट साउंड एनर्जी, ही खासगी गुंतवणूकदारांची कंपनी. सिएटल शहरात सिटी लाईट, म्हणजे नगरपालिकेची. एव्हरेट, लिनवूडकडे स्नोहोमिश पीयूडी, म्हणजे सार्वजनिक वीज जिल्हा, लोकांनी निवडलेल्या तीन आयुक्तांचा. बॉथेलमध्ये तर काउंटीची हद्द गावातूनच जाते, त्यामुळे दोन मित्रांची घरं दोन मैलांवर असूनही युटिलिटी, म्हणजे वीज देणारी संस्था, वेगळी असू शकते. कायदा तिघांना तोच आहे, पण दरवाजे वेगळे. पुजेट साउंड, अव्हिस्टा आणि पॅसिफिकॉर्प या तीन खासगी कंपन्यांवर राज्याच्या युटिलिटीज आयोगाची नजर असते. महाराष्ट्रातल्या वीज नियामक आयोगासारखंच काम. सार्वजनिक युटिलिटी वाणिज्य खात्याला हिशेब देतात आणि त्यांची तपासणी राज्य लेखापरीक्षक करतो. खालचं सगळं तुम्ही पुजेट साउंडचे ग्राहक आहात असं धरून लिहितोय. सिटी लाईटवाल्यांची गोष्ट बरीच सोपी आहे, त्यांची बहुतेक वीज पाण्याचीच.

आता कायद्याच्या पायऱ्या. गव्हर्नर जे इन्सली यांनी ७ मे २०१९ ला सही केलेल्या या कायद्यात तीन तारखा आहेत. ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत कोळसा ग्राहकांच्या खात्यातून बाहेर. १ जानेवारी २०३० पासून वीजपुरवठा कार्बनच्या दृष्टीनं 'तटस्थ'. २०४५ पर्यंत शंभर टक्के अक्षय किंवा उत्सर्जनमुक्त. 'उत्सर्जनमुक्त' हा शब्द मुद्दाम घातलाय: रिचलंडजवळचं अणुकेंद्र त्यात बसतं. जुन्या धरणांची वीजही चालते, मात्र नवी धरणं बांधून हा आकडा वाढवता येत नाही. त्याआधीचा २००६ चा जनमताचा कायदा वेगळा होता. त्यानं २०२० पर्यंत १५ टक्के अक्षय वीज मागितली होती आणि जुनं जलविद्युत बहुतांशी मोजायचंच नाही असं ठरवलं होतं. जुन्या लेखांत हे दोन्ही कायदे सर्रास एकमेकांत मिसळलेले दिसतात, म्हणून टक्केवारी वाचताना ती कुठल्या कायद्याची आहे ते आधी बघा.

कोळशाकडे येऊ. कायद्याचं मूळ वाक्य 'कोळशाची वीज वापरू नका' असं नाही. कोळशाच्या केंद्रांचा खर्च आणि फायदा राज्यातल्या ग्राहकांच्या दरात धरायचा नाही, असं ते आहे. फरक बारीक वाटतो, पण सगळा खेळ तिथेच आहे. माँटानातलं कोलस्ट्रिप केंद्र वॉशिंग्टनच्या विधिमंडळाला बंद करता येत नाही, ते दुसऱ्या राज्यात आहे. आपल्या ग्राहकांकडून त्याचे पैसे घेऊ नका, एवढंच त्याला सांगता येतं. कोलस्ट्रिपच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या संचांत पुजेट साउंडचा प्रत्येकी २५ टक्के आणि अव्हिस्टाचा प्रत्येकी १५ टक्के हिस्सा होता. दोघांनीही २०२५ अखेरीला तो नॉर्थवेस्टर्न एनर्जी या माँटानातल्या कंपनीकडे सोपवण्याचे करार केले. म्हणजे वॉशिंग्टनच्या खातेवहीतून तो कोळसा गेला, धुराड्यातून गेलाच असं नाही. कायद्यावर टीका करायची असेल तर ती इथे करा, ती रास्त आहे. 'कायदा पाळलाच नाही' ही टीका मात्र चूक ठरेल.

मग पत्रकात कोळसा आणि 'अनिर्दिष्ट' का दिसतात? कोळशाचं कारण साधं आहे. इंधन-मिश्रणाचं पत्रक मागच्या वर्षाचं असतं, छापून हातात येईपर्यंत आणखी काळ जातो. २०२६ मध्ये हातात पडलेलं पत्रक मुदतीच्या आधीच्या वर्षाबद्दल बोलतं. 'अनिर्दिष्ट'चं कारण कायद्यातच लिहिलेलं आहे. एक महिन्यापर्यंतच्या मुदतीची घाऊक खरेदी, जिचा स्रोत सौदा करताना माहीत नसतो, ती 'कोळशाचं केंद्र' या व्याख्येतून वगळली आहे. संध्याकाळी सहा वाजता अचानक मागणी वाढली आणि बाजारातून तासाभराची वीज घेतली, तर ती कुठल्या केंद्राची हे कोणी सांगत नाही. ती 'अनिर्दिष्ट' म्हणून नोंदली जाते. तिला निर्मळ मानत नाहीत. प्रत्येक मेगावॉट-तासाला, म्हणजे १००० युनिटांना, ०.४३७ मेट्रिक टन कार्बन डायऑक्साइड असा ठरलेला भार तिच्यावर टाकतात. हा आकडा गॅस केंद्राच्या आसपासचा आहे, कोळशाचा साधारण दुपटीनं असतो. म्हणून पत्रक वाचताना कोळशाच्या टक्क्यापेक्षा 'अनिर्दिष्ट'चा टक्का वर्षागणिक कसा हलतोय तिकडे लक्ष द्या. कोळसा खाली आणि अनिर्दिष्ट वर असं चित्र दिसलं तर प्रश्न विचारायला जागा आहे.

सेंट्रेलियाचं केंद्र हे वेगळं प्रकरण. ते वॉशिंग्टनमध्येच आहे आणि त्याचा मार्ग २०११ च्या स्वतंत्र कायद्यानं ठरला: एक संच २०२० अखेर, दुसरा २०२५ अखेर बंद. दुसऱ्याची मुदत संपायच्या दोन आठवडे आधी, १६ डिसेंबर २०२५ ला, केंद्रीय ऊर्जा खात्यानं तो संच ९० दिवस तयार ठेवण्याचा आपत्कालीन आदेश काढला. राज्याचा कायदा आणि केंद्राचा आदेश समोरासमोर आले की काय होतं याचा हा नमुना. त्यामुळे सेंट्रेलियाची बातमी वाचून कोलस्ट्रिपबद्दल किंवा तुमच्या बिलाबद्दल निष्कर्ष काढू नका.

आता २०३० ची पायरी, जिथे सर्वांत जास्त घोळ होतो. 'तटस्थ' म्हणजे शंभर टक्के स्वच्छ नव्हे. विकलेल्या विजेपैकी किमान ८० टक्के अक्षय किंवा उत्सर्जनमुक्त हवी. उरलेले २० टक्के पर्यायी मार्गांनी भरून काढता येतात. ते मार्ग असे: दंडाच्या दरानं पैसे भरणं, विजेपासून सुटी केलेली अक्षय ऊर्जा प्रमाणपत्रं (अक्षय वीज तयार झाल्याचे दाखले, जे विजेशिवाय वेगळे विकता येतात) विकत घेणं, किंवा ऊर्जा-परिवर्तनाचे प्रकल्प करणं, म्हणजे गाड्यांचं चार्जिंग किंवा इमारतींची जीवाश्म इंधनाची गरज कमी करणं. हे ८० टक्के दर तासाला किंवा दर वर्षाला मोजत नाहीत, चार वर्षांच्या बेरजेवर मोजतात. कारण पाणी. कोलंबियाच्या खोऱ्यात बर्फ कमी पडला की जलविद्युत आटते. समजा विक्री दर वर्षी सारखीच आहे आणि एका युटिलिटीचा स्वच्छ हिस्सा चार वर्षांत ७०, ७८, ८५ आणि ८७ टक्के राहिला. सरासरी बरोबर ८०, म्हणजे कायदा पाळला. कोरड्या वर्षात ७० वर आली म्हणून दंड नाही. पण याचाच दुसरा अर्थ असा की जानेवारीच्या रात्री गॅसची केंद्रं जोरात चालतील, आणि ते बेकायदा नसेल.

पैशांचा अंदाज यावा म्हणून एक काल्पनिक युटिलिटी घ्या. ती वर्षाला १ कोटी मेगावॉट-तास विकते, चार वर्षांत ४ कोटी. त्यातले ३.२ कोटी स्वच्छ हवेत, उरले ८० लाख. कायद्यातला मूळ दर मेगावॉट-तासाला १०० डॉलर, त्याला इंधनाप्रमाणे गुणक: कोळशाला १.५, अधूनमधून चालवायच्या गॅस टर्बाईनला ०.८४, आणि संयुक्त-चक्र (वाया जाणाऱ्या उष्णतेवरही वीज करणाऱ्या) गॅस केंद्राला ०.६०. म्हणजे १५०, ८४ आणि ६० डॉलर. महागाईनुसार पुढे ते वाढत जातात, ते सोडून देऊ. हे ८० लाख मेगावॉट-तास सगळे संयुक्त-चक्र गॅसचे असतील आणि कंपनीनं सरळ पैसेच भरायचे ठरवले, तर ४८ कोटी डॉलर लागतील. ४ कोटी मेगावॉट-तासांवर वाटले की मेगावॉट-तासाला १२ डॉलर, तुमच्या युनिटमागे १.२ सेंट. प्रत्यक्षात सुटी प्रमाणपत्रं बाजारात याहून खूप स्वस्त मिळतात, त्यामुळे शहाणी कंपनी आधी तिकडे वळेल. माझ्या मते कायद्यातला सर्वांत सैल टाका हाच आहे. ऊर्जा-परिवर्तनाच्या प्रकल्पांना पुढे आणायचं होतं, पण स्वस्त प्रमाणपत्रांसमोर ते टिकणं अवघड. २०४५ ला हे २० टक्क्यांचं दारच बंद होतं.

भारतातल्या वाचकांसाठी एक तुलना. आपल्याकडेही वितरण कंपन्यांवर अक्षय वीज घेण्याचं बंधन आहे, देशपातळीवर २०२९-३० साठी ते ४३.३३ टक्के आहे. फरक असा की तिथे टक्का वर्षाच्या हिशेबानं ठरतो आणि कोळसा राहतोच, इथे कोळशाला तारीख घालून खात्यातून काढलं आणि उरलेल्याला चार वर्षांची सवलत दिली.

बिलाचा प्रश्न. लोक म्हणतात, 'कायद्यात २ टक्क्यांची मर्यादा आहे ना, मग बिल १० टक्के कसं वाढलं?' ही मर्यादा दरवाढीवरची नाहीच. ती कंपनीसाठी सुटकेची खिडकी आहे. चार वर्षांत ८० टक्क्यांकडे जाण्याचा वाढीव खर्च ठरावीक पातळीला पोचला, तर लक्ष्य न गाठताही कंपनीनं कायदा पाळला असं धरतात. आणि ती पातळीसुद्धा २ टक्के नाही. आयोगाच्या नियमातलं सूत्र असं चालतं: पहिल्या वर्षी महसुलाच्या २ टक्के वाढ, ती चारही वर्षं राहते, दुसऱ्या वर्षीची २ टक्के तीन वर्षं, तिसऱ्याची दोन, चौथ्याची एक. महसूल १०० कोटी डॉलर आणि तो स्थिर धरला तर ८ अधिक ६ अधिक ४ अधिक २, एकूण २० कोटी. चारानं भागा, वर्षाला सरासरी ५ कोटी. म्हणजे उंबरठा महसुलाच्या ५ टक्क्यांच्या आसपास जातो. महिन्याला १५० डॉलर बिल असेल तर सरासरी साडेसात डॉलर.

इथे आणखी एक गुंता आहे आणि तो अनुभवी माणसांच्याही नजरेतून सुटतो. 'वाढीव खर्च' कशाच्या तुलनेत वाढीव? कायदा नसता तर कंपनीनं जो सर्वांत स्वस्त पर्याय निवडला असता त्याच्या तुलनेत. पण त्या तुलनेच्या पर्यायातही खरेदीचा निर्णय घेताना कार्बनचा सामाजिक खर्च, म्हणजे उत्सर्जनानं समाजाच्या होणाऱ्या नुकसानीची अंदाजे किंमत, धरावाच लागतो. म्हणजे जो पवनऊर्जेचा प्रकल्प कार्बनचा खर्च धरल्यावर तसाही स्वस्त ठरतो, तो 'कायद्यामुळे' घेतला असं मोजलं जात नाही. शिवाय कोळसा काढण्याचा खर्च या हिशेबात येतच नाही, तो वेगळ्या कलमाखाली आहे. त्यामुळे कागदावरचा वाढीव खर्च कमी दिसतो आणि सुटकेची खिडकी सहसा उघडत नाही. कंपनीनं ती उघडायची म्हटलीच, तर पर्यायी मार्गांकडे जाण्याआधी अक्षय आणि उत्सर्जनमुक्त विजेत जमेल तेवढी गुंतवणूक केली, हे आधी सिद्ध करावं लागतं.

मग बिल का चढलं? परिस्थितीवर अवलंबून आहे, पण ढोबळ कारणं सांगता येतात. कोळशाच्या केंद्रांचा घसारा २०२५ अखेरच्या आत संपवायचा, असं कायद्यानंच सांगितलं होतं. वीस वर्षांत वसूल व्हायची रक्कम सहा वर्षांत वसूल करायची म्हटल्यावर त्या वर्षांत दर वाढणारच. ते ओझं २०२५ नंतर उतरायला हवं, आणि पुढच्या दरप्रस्तावात ते उतरलं का हे बघण्यासारखं आहे. मात्र बंद केलेल्या केंद्राची साफसफाई आणि राखेच्या तळ्यांचं पुनर्वसन यांचा खर्च दरात घेता येतो, कायद्यानं तो मुद्दाम वगळलेला नाही. म्हणून २०२६ नंतर कोलस्ट्रिपशी संबंधित ओळ कुठे दिसली तर लगेच फसवणूक समजू नका, आधी ती चालवण्याची आहे की साफसफाईची ते विचारा.

याखेरीज तारा, खांब, वणव्यांपासून बचाव, नवीन पारेषण, आणि बाजारातल्या विजेचा भाव. जानेवारी २०२४ च्या थंडीच्या लाटेत कोलंबियाच्या मध्य भागातल्या घाऊक बाजारात मेगावॉट-तासाचा भाव हजार डॉलरच्या घरात गेला होता. असे काही दिवस पूर्ण वर्षाचा वीजखर्च हलवतात आणि मग महावितरणच्या 'इंधन समायोजन आकारा'सारखा आकार नंतर बिलावर बसतो. लोक आणखी एका कायद्याला यात ओढतात, २०२१ च्या कार्बन-मर्यादेच्या कायद्याला. तो १ जानेवारी २०२३ पासून चालू झाला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तो रद्द करायचा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला. पण वीज कंपन्यांना त्यात उत्सर्जनाचे परवाने फुकट मिळतात, नेमकं याच कारणासाठी की या विजेच्या कायद्याचं ओझं ग्राहकावर दुहेरी पडू नये. गॅसच्या बिलावर त्याचा परिणाम जास्त दिसतो. दोन्ही बिलं एकाच कंपनीची असली की गल्लत होते.

तुमच्या बिलाचं निदान स्वतः करायचं असेल तर असं करा. एकूण रकमेची तुलना करू नका. मागच्या वर्षीचा तोच महिना काढा, युनिटं बघा, आणि युनिटमागचा दर वेगळा काढा. पुजेट साउंडच्या घरगुती दरात पहिली ६०० युनिटं एका दरानं आणि त्यापुढची चढ्या दरानं असतात, आपल्याकडच्या शंभर-तीनशेच्या स्लॅबसारखंच. इलेक्ट्रिक गाडी घेतली किंवा हीट पंप (विजेवर घर गरम-थंड करणारं यंत्र) बसवला की वाढलेलं प्रत्येक युनिट वरच्या टप्प्यात जातं. मग बिल ४० टक्के वाढतं आणि शिव्या कायद्याला पडतात. युनिटं तेवढीच असून दर वाढला असेल तर पुढचं पाऊल: बिलाखालच्या प्रत्येक आकाराचा अनुसूची क्रमांक लिहून घ्या आणि कंपनीच्या दरपत्रकात तो उघडा. प्रत्येक अनुसूचीत तो आकार कशासाठी आहे ते एका परिच्छेदात लिहिलेलं असतं.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण फार कमी लोकांना ठाऊक असते. कायद्यानं प्रत्येक युटिलिटीला कमी उत्पन्नाच्या घरांसाठी मदत योजना सक्तीची केली, आणि 'कमी उत्पन्न' म्हणजे त्या भागाच्या मध्यम उत्पन्नाच्या ८० टक्क्यांपर्यंत किंवा केंद्रीय दारिद्र्यरेषेच्या दुपटीपर्यंत, यातलं जे जास्त असेल ते. किंग काउंटीत पहिला निकष बराच वर जातो. शिकणारी मुलं, एकट्याच्या पगारावर चालणारं चौघांचं घर, निवृत्त आईवडील वेगळ्या अपार्टमेंटमध्ये राहत असतील तर ते, असे बरेच जण त्यात बसू शकतात. लाजू नका, अर्ज करा. 'आपल्यासाठी नसेल' म्हणून सोडून देणारेच जास्त.

इथपर्यंतचं थोडक्यात: पत्रकातला कोळसा बहुधा जुन्या वर्षाचा, 'अनिर्दिष्ट' म्हणजे स्रोत माहीत नसलेली बाजारातली खरेदी, २०३० ला ८० टक्के, तेही चार वर्षांच्या बेरजेवर, २ टक्के ही दरवाढीची मर्यादा नाही, आणि बिलातली बरीचशी वाढ या कायद्याबाहेरची.

कंपनी काय करणार हे तपासायचं असेल तर तिचा स्वच्छ ऊर्जा अंमलबजावणी आराखडा वाचा. दर चार वर्षांनी तो येतो. पुजेट साउंडचा पहिला आराखडा डिसेंबर २०२१ मध्ये दाखल झाला आणि आयोगानं जून २०२३ मध्ये अटी घालून मंजूर केला. आयोगाच्या संकेतस्थळावर तो यूई-२१०७९५ या क्रमांकाखाली आहे. पूर्ण वाचायला बसू नका, दमाल. आधी अंतरिम लक्ष्यांचा तक्ता, मग वाढीव खर्चाचा तक्ता, आणि सर्वांत शेवटी आयोगाचा अंतिम आदेश, कारण अटी तिथे असतात आणि कंपनीच्या सुंदर छापलेल्या सारांशात त्या नसतात. सूचना पाठवायची तर प्रकरण क्रमांक वर लिहा आणि एकच मुद्दा, आकड्यासह मांडा. 'बिल परवडत नाही' अशी शंभर पत्रं येतात. 'तुमच्या तक्त्यात अनिर्दिष्ट खरेदी दोन वर्षांत वाढलेली दिसते, ती पुढच्या काळात किती धरली आहे?' अशा पत्राला कर्मचाऱ्यांना उत्तर शोधावं लागतं. दरवाढीचं प्रकरण साधारण अकरा महिने चालतं आणि त्यात जाहीर सुनावणी होते. निकाल लागल्यावर लिहून उपयोग नसतो.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. ग्रीन पॉवर योजनेत तुम्ही जे पैसे भरता त्यातून प्रमाणपत्रं घेऊन ती तुमच्या नावे रद्द केली जातात. इथे कायद्यानं एक चांगली तजवीज केली आहे. स्वेच्छेनं घेतलेली, युटिलिटीच्या जाळ्यात पोचवलेली आणि जिचं प्रमाणपत्र ग्राहकासाठी रद्द झालं आहे अशी वीज कंपनीच्या हिशेबातल्या एकूण विक्रीतूनच वजा होते. तुमच्या पैशानं कंपनी आपले ८० टक्के भरून काढू शकत नाही. म्हणून योजना घेताना एकच विचारा: हे प्रमाणपत्र याच भागातल्या, वीज प्रत्यक्ष पोचवणाऱ्या प्रकल्पाचं आहे की दूरवरून आणलेलं सुटं? पहिलं असेल तर पैसे द्यायला हरकत नाही. दुसरं असेल तर तेच पैसे घराच्या इन्सुलेशनवर घाला, जास्त कामी येतील.

छतावरच्या सोलरचं गणित इथे पुण्यासारखं नाही. सिएटलच्या आसपास चांगल्या दक्षिणमुखी छतावर १ किलोवॉटमागे वर्षाला १००० ते ११०० युनिटं मिळतात. वर्षाला ८५०० युनिटं लागत असतील तर ८ किलोवॉट पुरे. डिसेंबरात जुलैच्या पाव भागही येत नाही, म्हणून सगळा भरवसा नेट मीटरिंगवर. राज्याच्या नियमानं उन्हाळ्यातली जादा युनिटं खात्यावर जमा होतात आणि हिवाळ्यात वापरता येतात, पण ३१ मार्चला उरलेली शिल्लक शून्य होते, पैसे मिळत नाहीत. त्यामुळे 'छत मोठं आहे, १२ किलोवॉट घाला' म्हणणाऱ्या विक्रेत्याला मागच्या बारा महिन्यांची बिलं दाखवा आणि वार्षिक वापराच्या वर एकही पॅनल घेऊ नका. गाडी किंवा हीट पंप पुढच्या वर्षी नक्की येणार असेल तरच वापर वाढवून धरा.

दोन तारखा तपासा. केंद्राची ३० टक्के करसवलत घरमालकांसाठी २०२५ अखेर संपली. विक्रेत्याच्या जुन्या कोष्टकात ती अजून वजा केलेली असेल तर परतफेडीचा काळ चुकीचा दिसतो. दुसरी, नेट मीटरिंग देण्याचं युटिलिटीवरचं बंधन ३० जून २०२९ पर्यंत, किंवा तिच्या १९९६ च्या सर्वोच्च मागणीच्या ४ टक्के क्षमता भरेपर्यंत, यातलं जे आधी होईल तोवरच आहे. तुमच्या कंपनीचे किती टक्के भरले आणि तुमचं कनेक्शन कुठल्या अटींवर किती वर्षं राहील, हे करारावर सही करण्याआधी युटिलिटीकडून लेखी घ्या, इन्स्टॉलरच्या तोंडी शब्दावर नको.

आणि हे सगळं करण्याआधी नोव्हेंबरातल्या एखाद्या स्वच्छ दुपारी छताकडे बघा. शेजाऱ्याच्या डग्लस फर झाडाची सावली बारा वाजता तुमच्या कौलांवर असेल, तर वरचं सगळं गणित बाजूला ठेवा आणि ते पैसे हीट पंपात घाला.